वेंडेलच्या लेथवरची बॅट

शनिवारी सकाळी मैदानाच्या फाटकातून आत शिरलं की लिओना हुडाक पहिल्यांदा नाक मुरडायची ती बॅटींच्या पिशव्या बघून. दहा-अकरा वर्षांची पोरं, नाक अजून बाहीला पुसणारी, आणि मागे चाकं लावलेली पिशवी ओढत येणार, विमानतळावर निघाल्यासारखी. एकेका पिशवीत तीन-तीन, चार-चार बॅटी. एक गुलाबी, एक पोपटी, एकीवर ज्वाळा काढलेल्या, एकीवर वितळणारं आइस्क्रीम. वर पुन्हा प्रत्येकीला मऊ खोळ, तिला सर्दी होईल म्हणून.

"शी! ही बॅट आहे का वाढदिवसाचा केक?" लिओना म्हणायची. पोरांचे बाप हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारी गंमत करतेय. म्हातारी कसली गंमत करतेय! तिला खरोखर किळस यायची.

लिओना आमच्या हॅलर्स गॅपची. जन्मभर शाळेची बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर पोरांच्या बेसबॉलला पंच म्हणून उभी राहायला लागली. पंचाचा शर्ट निळा, म्हणून मैदानावर सगळे त्याला 'ब्लू' म्हणतात. माणूस कोणीही असो. लिओनाला ते आवडायचं. ब्लूला कोणी मावशी-काकी म्हणून गुंडाळू शकत नाही. पोरं मात्र तिला मिस लिओनाच म्हणायची, कारण त्यातली निम्मी तिच्या बसमध्ये उलट्या करून मोठी झालेली.

खेळाआधीचा एक रिवाज आहे. दोन्ही संघ आपापल्या बॅटी कुंपणाला ओळीनं लावून ठेवतात. पंच एकेक उचलतो, मान्यतेचा शिक्का बघतो, चीर बघतो, टोकाचं टोपण हलवून बघतो, कानाशी नेऊन खुळखुळवतो. मग दोन्ही कोचना होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटवाला उभा राहतो त्या पांढऱ्या फळीपाशी, बोलावतो आणि विचारतो, "तुमच्या पोरांच्या हातातलं सगळं नियमात आहे ना?" दोघांनी एकमेकांसमोर मोठ्यानं 'हो' म्हणायचं, हात मिळवायचे, की खेळ सुरू. कागद नाही, सही नाही. या सगळ्या भपक्यात लिओनाला एवढी एकच गोष्ट अजून धड वाटायची. माणसानं तोंडानं सांगायचं, आणि दुसऱ्यानं ते मानायचं.

तिच्या लहानपणी असल्या तपासण्या नव्हत्या, कारण तपासायला बॅट होतीच एक.

तिचे वडील आंद्रे हुडाक नदीकाठच्या बॅटींच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, होते. चहूबाजूंच्या डोंगरांवर तेव्हा अ‍ॅशची झाडं होती, आणि अर्ध्या गावाच्या केसांत त्याचा भुसा असायचा. आंद्रे जेवायला बसले की बॅटींवरच बोलायचे. त्यांच्या बापाच्या वेळची बॅट मुठीपाशीही मनगटाएवढी जाड असायची. ती फिरवायची तर खांदे लागायचे. मग मुठी बारीक झाल्या. मग टोकाला वाटीसारखा खड्डा पाडायची टूम निघाली. "दर थोड्या वर्षांनी एक शहाणा उपटतो आणि लाकडाला अक्कल शिकवतो," आंद्रे म्हणायचे आणि बटाटा कुस्करायचे. अ‍ॅल्युमिनियमची बॅट आली तेव्हा तर त्यांनी तिला बॅट म्हणणंच सोडलं. ते तिला 'पातेलं' म्हणायचे. चेंडू लागला की टिंग वाजायचं, आणि आंद्रे उठून आतल्या खोलीत जायचे.

सुटले बिचारे. कार्बनच्या बॅटी त्यांना बघाव्या लागल्या नाहीत. पोट टोकाकडून मुठीकडे सरकवलेल्या, मधेच गरोदर दिसणाऱ्या त्या नव्या बॅटीही नाहीत. हिरव्या किड्यानं डोंगरावरची अ‍ॅशची झाडं एकजात पोखरली, कारखाना बंद पडला, यंत्रं लिलावात गेली, तेव्हाही ते नव्हते.

तर कारखान्यात गाठ निघालेलं, रेषा वाकडी गेलेलं लाकूड बाद व्हायचं. त्यातली एक बाद बॅट आंद्रेंनी लिओनाला आणून दिली. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पोरं फळीनं खेळायची. लिओना बॅट खांद्यावर टाकून तिथं गेली.

"मुलीला नाही घेत आम्ही," पोरांचा म्होरक्या म्हणाला. तो वेंडेल क्रेसगी. दात पडलेला, गुडघे फुटलेला.

"नका घेऊ," लिओना वळली.

"अगं पण बॅट ठेवून जा ना!"

"मुलगी नको तर बॅट कशाला?"

पोरं खो-खो हसली. वेंडेलसुद्धा हसला. त्या दिवसापासून लिओना खेळायला लागली. ती एकच बॅट दोन्ही बाजूंची. मारायचं, बॅट तिथंच टाकायची आणि पळायचं. पुढचा, मग तो कोणाचाही असो, तीच उचलणार. लिओनाच्या आईनं जेवायला हाक मारली की लिओना बॅट घेऊन घरी जायची आणि खेळ संपायचा. मारताना लाकडावरची कारखान्याची छाप आकाशाकडे ठेवायची, एवढा एकच नियम आंद्रेंनी घालून दिला होता; छाप समोर आली की लाकूड फाटतं.

आणि एकदा वेंडेलनं घाईत छाप समोर धरून मारलंच. कडाड! मुठीच्या वरून उभी चीर गेली. पोरं पांगली. लिओना तिथंच बसून रडली. आणि संध्याकाळी आंद्रे पायरीवर बूट काढत असताना वेंडेल आपण होऊन फाटकाशी आला. तोंड पांढरंफटक, हातात ती बॅट.

"मी मोडली, काका," तो म्हणाला. "छाप समोर होती. माझी चूक."

आंद्रेंनी त्याच्याकडे बघितलं, आत गेले, दोन स्क्रू आणि काळी चिकटपट्टी घेऊन आले. चिरेत स्क्रू बसवले, वर पट्टी गुंडाळली. "चालेल अजून," ते म्हणाले. मग लिओनाच्या आईनं वेंडेलला सूप वाढलं. लिओनाला आयुष्यात पुष्कळ माणसं भेटली, पण त्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या पोराएवढं खरं माणूस तिला फारसं भेटलं नाही. ती सगळ्यांना सांगायची, वेंडेल तसा माझा भाऊच.

म्हणून तर मे महिन्यात वेंडेलचा फोन आला तेव्हा ती धावत गेली. "ये गं," तो म्हणाला, "तुझ्या बाबांची लेथ माझ्या गॅरेजात आहे. लिलावात कोणाकडे तरी गेली होती, त्याच्याकडून मी घेतली. तुला बघायचीय ना?"

बघायची म्हणजे काय! वेंडेलनं दार वर केलं आणि लिओना थेट त्या लेथपाशी गेली. चाकाच्या कडेला आंद्रेंचा अंगठा टेकून टेकून लोखंड गुळगुळीत झालेलं होतं. तिनं तिथं आपला अंगठा ठेवला. तिचे डोळे भरून आले, आणि ते पुसताना तिच्या नाकाला वास लागला.

लाकडाचा नव्हता तो. जळक्या प्लॅस्टिकचा, औषधी, घशात बसणारा. लेथवर एक जांभळी बॅट घट्ट आवळलेली होती. तिचं टोकाचं टोपण काढलेलं, आणि आत पोकळीत लांब दांड्याचं पातं घातलेलं. खाली काळी बारीक पूड सांडलेली. बाजूला कॉफीच्या डब्यात टोपणं भरलेली, सगळ्या रंगांची.

"हे काय रे?"

"काही नाही गं. आतून थोडं तासायचं. पोट पातळ झालं की चेंडू उडी मारून जातो. मग टोपण परत चिकटवायचं. बाहेरून काही कळत नाही." वेंडेल हसला. आता त्याचे सगळे दात होते, नवे, एकसारखे. "लांब लांबून लोक येतात माझ्याकडे."

"हे तर नियमात बसत नाही."

"रविवारच्या लीगमधले बाप्ये गं. पोट सुटलेले, बियर पिऊन मारणारे. त्यांना एकदा कुंपणापार मारायचंय मरायच्या आधी. मारू दे की! कोणाचं काय जातंय?"

"चेंडू टाकणाऱ्या पिचरचं तोंड जातंय. अरे, तो चेंडू परत येतो तेव्हा समोर माणूस असतो."

"तू म्हणजे ना, बाबांवर गेलीस अगदी. पातेलं, पातेलं!"

"आणि हे तू त्यांच्या लेथवर करतोस?"

"लेथ ती लेथ. तिला काय कळतंय?"

लिओनानं नजर फिरवली. भिंतीवर जुन्या लाकडी बॅटी हारीनं टांगल्या होत्या, वर छोटे दिवे लावून. एका बॅटीचा तर उभा दिवाच केला होता, डोक्यावर छत्री घालून. म्हणजे लाकूड शोभेला आणि लेथ या घाणीला. 

"वेंडेल, पोरांच्या बॅटी करतोस?"

"छे! वेडी आहेस का? माझी नात टेसा पिचर आहे. पोरांच्या बॅटीला हात लावत नाही मी. तुझ्या बाबांची शपथ."

फाटकाशी उभं राहून खरं बोललेलं पोर ते. लिओनानं मानलं. घरी जाऊन भांड्यांच्या साबणानं दोनदा हात धुतले, तरी अंगठ्याचा वास जाईना.

आणि मग जूनमधला तो शनिवार आला. हॅलर्स गॅप विरुद्ध कोल्बर्न. आमच्या पोरांचा कोच वेंडेल, त्यांचा कोच ब्रेंट नावाचा एक तरणाबांड. डोक्यावर गॉगल, हातात चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. स्वतःच्या पोराचा प्रत्येक चेंडू तो मोजायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. पायऱ्यांवर आईबाप भरगच्च, हॉटडॉगचा वास, भाजलेले दाणे, आणि मधे ती टेसा. वेंडेलची नात. अकरा वर्षांची, वेणी टोपीच्या मागून बाहेर काढलेली, जीभ ओठांवर ठेवून चेंडू टाकणारी. पोरगी गुणी होती. खेळायला आवडतं म्हणून खेळणारं त्या अख्ख्या मैदानावर एवढं एकच पोर असेल.

लिओना कुंपणाशी बॅटी तपासत निघाली. कोल्बर्नच्या ओळीत एक पांढरी बॅट होती, हिरवे सापाचे खवले काढलेली. शिक्का होता. चीर नव्हती. पण टोपणाच्या कडेला डिंकाची चकचकीत रेघ होती, गोगलगाय चालून गेल्यासारखी. लिओनानं ती नाकाशी नेली आणि तिचा हात थांबला. तोच वास. ती एवढीशी पोरांच्या मापाची बॅट, कोणत्याही बाप्याच्या उपयोगाची नसलेली.

"ब्रेंट, ही कुठून आणली?"

"का? शिक्का आहे ना तिच्यावर?"

"टोपण उघडून परत चिकटवलंय."

"कारखान्यातून तशीच येते मॅम. चीर दाखवा, मी बाजूला ठेवतो. वासावरून बॅट बाद करायचा नियम मला तरी माहीत नाही." मागचे दोन बाप फिस्सकन हसले.

नियम नव्हता, ते खरं होतं. लिओना बॅट घेऊन होम प्लेटपाशी आली, दोन्ही कोचना बोलावलं. वेंडेल आला. बॅट बघून त्याच्या चालण्यात एक पाऊल अडखळलं, तेवढंच.

"वेंडेल, तुला बॅटींतलं कळतं," लिओना म्हणाली. "बघ जरा. बरी आहे का ही?"

त्यानं ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. डिंकाच्या रेघेवर त्याचा अंगठा आपसूक गेला आणि तिथून उचलला गेला. माउंडवर, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, टेसा हात गरम करत होती, चेंडू ग्लोव्हमध्ये थप्पथप्प आपटत होता. बोल रे, लिओना मनात म्हणत होती. आत्ता बोल. एवढंच म्हण, की मी केली, माझी चूक. मी कोणाला सांगणार नाही, सूप वाढीन तुला.

"दिसते तर बरी," वेंडेल म्हणाला.

"नक्की?"

"मला काय आरपार दिसतं का, लिओना?"

"ऐकलंत ना मॅम?" ब्रेंटनं बॅट काढून घेतली. मग लिओनानं विचारायचं ते विचारलं, सगळं नियमात आहे ना. ब्रेंट म्हणाला, हो. वेंडेल म्हणाला, हो. दोघांनी हात मिळवले. त्या दोन 'हो'नी लिओनाच्या तोंडाची चव गेली. मुखवटा चढवून ती चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे उभी राहिली, आणि मुखवट्याच्या आत तिला स्वतःच्याच श्वासाचा वीट आला.

दुसऱ्याच डावात कोल्बर्नचं एक काडीपैलवान पोर ती सापाची बॅट घेऊन आलं. टेसानं सरळ चेंडू टाकला. पोरानं डोळे मिटून फिरवली. आवाज आला तो टिंग नाही आणि कडाडही नाही, रिकाम्या डब्यावर बुक्की मारल्यासारखा. आणि चेंडू कुंपणावरून, रस्त्यावरून जाऊन अग्निशामक दलाच्या पत्र्यावर पडला. ते पोर स्वतःच तोंड उघडं टाकून बघत राहिलं. पळायचंच विसरलं.

पायऱ्यांवर नुसता जल्लोष. आणि कोणाला वाटलं का, की या काडीच्या हातून हे झालंच कसं? नाव सोडा! आमच्याच बाजूचे दोन बाप खाली उतरून ब्रेंटच्या कानाशी लागले, बॅट कुठं मिळते म्हणून. लिओनाला ते दिसत होतं. तिला थुंकावंसं वाटलं.

तिनं बॅट मागून पुन्हा तपासली. पुन्हा शिक्का. पुन्हा चीर नाही. "ब्लू, चष्मा घे!" कोणीतरी ओरडलं. "खेळ चालू दे गं बाई!" वेंडेल बाकड्यावर बसून बुटाकडे बघत होता. ती बॅट मग कोल्बर्नच्या सगळ्या पोरांत फिरायला लागली. स्वतःच्या गुलाबी-पोपटी पिशव्या तशाच पडल्या, ज्याला त्याला सापाचीच हवी.

चौथ्या डावात एकानं ती जमिनीला समांतर फिरवली. चेंडू दिसलाच नाही. लिओनाला दिसली ती टेसाची टोपी. ती उडून मागे पडली होती. चेंडू कानाजवळून गेला होता. टेसानं कानाला हात लावला, बोटं बघितली, रक्त नव्हतं, आणि ती खुदकन हसली. "ओह्हो!" ती म्हणाली आणि टोपी उचलून, झटकून परत घातली. तिला तो खेळच वाटला.

वेंडेल बाकड्यावरून उठला होता. त्याचं तोंड पांढरंफटक झालं होतं, त्या संध्याकाळी फाटकाशी झालं होतं तसंच. लिओनाच्या जिवात जीव आला. आता बोलेल, तिला वाटलं. काहीही झालं तरी नात आहे त्याची.

कोल्बर्नकडून मेसन उठला. ते पोर त्यांच्यात सगळ्यात थोराड, ओठावर लव फुटलेलं. त्यानं सापाची बॅट उचलली आणि दोनदा हवेत फिरवली.

"टाइम, ब्लू!" वेंडेल ओरडला.

"टाइम," खेळ थांबवत लिओनानं हात वर केले.

वेंडेल माउंडवर गेला. टेसाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, तिच्या हातातला चेंडू काढून घेतला, तिला मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात पाठवलं. आणि तिथून त्यानं हाक मारली, "कोडी! ये, तू टाक."

कोडी म्हणजे संघातलं सगळ्यात लहानखुरं पोर. अख्खा हंगाम उजव्या कोपऱ्यात उभं, जिथं चेंडू येत नाही. तिथं तो गवतातली पिवळी फुलं खुडत बसायचा. त्याची आई ट्रिश दुकानाची पाळी बदलून दर शनिवारी यायची आणि पोराला एकदा तरी चेंडू मिळेल म्हणून वाट बघायची. तिनं पायऱ्यांवर उभं राहून किंकाळी फोडली. "कोडी! अगं बाई, माझं बाळ टाकतंय! व्हिडिओ काढा कोणीतरी!" आणि कोडी पळत आला, टोपी डोळ्यांवर घसरत होती, तोंडभर हसू. वेंडेलनं चेंडू त्याच्या मुठीत ठेवला, पाठीवर थोपटलं आणि मागे वळून न बघता बाकड्यावर जाऊन बसला.

लिओनाला क्षणभर कळलंच नाही आपण काय बघितलं. मग कळलं. डोक्यापासून पायापर्यंत शिसारी आली तिला. गॅरेजातली ती घाण परवडली. ती निदान साबणानं धुवायला तरी घेता येत होती. या माणसानं आपलं पोर उचललं आणि तिथं दुसऱ्याचं ठेवलं. तेही बघून, निवडून. ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याची आई वर टाळ्या वाजवेल, असं. आणि पाठ थोपटली!

तिनं मुखवटा काढला आणि प्लेटच्या पुढे येऊन उभी राहिली.

"वेंडेल, पिचर का बदललास?"

"ब्लूला ते विचारायचा अधिकार नाही," ब्रेंट म्हणाला.

"तू गप्प बस रे! वेंडेल, का बदललास?"

"हात दमला तिचा," वेंडेल म्हणाला.

"नाही दमला!" उजव्या कोपऱ्यातून टेसाचा आवाज आला. "आजोबा, मी नाही दमले!"

"ऐकलंस? मी अजून बदल जाहीर केलेला नाही. टेसाच पिचर आहे. तिला घे परत, आणि खेळ चालू करते."

"मला कोणाला ठेवायचं ते मी ठरवेन."

"बॅट बरी आहे ना? तूच म्हणालास सगळ्यांसमोर. मग ठेव तुझी टेसा."

पायऱ्यांवरून आरडाओरडा सुरू झाला. सगळ्यात मोठा आवाज ट्रिशचा. "काय चाललंय तुझं, लिओना? माझ्या पोराला एकदा मिळतंय, तेही ओरबाडून घेतेस? लाज वाटते का?" मग बाकीचे. म्हातारीला घरी पाठवा. कोणीतरी दाण्याची पिशवी फेकली, ती लिओनाच्या बुटापाशी पडली. ती हलली नाही.

"ठेव तिला, वेंडेल."

वेंडेल बाकड्यावरून उठला नाही. पण टेसा आपली निघाली. मिस लिओना म्हणाल्या म्हणजे झालं, असं तिच्या तोंडावर. गवतातून उड्या मारत, ग्लोव्हमध्ये मूठ आपटत ती माउंडकडे पळत आली. "दे," ती कोडीला म्हणाली. मेसन प्लेटपाशी बॅट खांद्यावर घेऊन तसाच उभा होता.

"टेसा, मागे जा!" वेंडेल उठला.

"पण मिस लिओना म्हणाल्या..."

"मागे जा म्हणतो ना! त्या बॅटीसमोर उभी राहू नकोस! मी आतून तासलीय ती, डोकं फुटेल तुझं!"

पायऱ्यांवरचा आवाज बंद झाला. वेंडेलचं तोंड उघडंच राहिलं होतं, शब्द निघून गेले तरी.

"मघाशी तर बरी आहे म्हणालात," ब्रेंट हळूच म्हणाला, आणि दोन पावलं बॅटीपासून लांब सरकला, जणू ती कधी त्याच्या ओळीत नव्हतीच.

लिओनानं मेसनच्या हातातून बॅट घेतली. ते पोर बिचारं भेदरलं होतं. "तुझं काही चुकलं नाही रे," ती त्याला म्हणाली.

"लिओना," वेंडेल कुंपणाला धरून म्हणाला, "अगं, मोठ्या घरचं गिऱ्हाईक होतं ते, नाही म्हणता येईना. मला काय माहीत आजच..." आवाजात जुनी ओळख आणायचा प्रयत्न करत होता. लिओनानं त्याच्याकडे बघितलं. तिला त्या फाटकातलं पोर शोधून सापडेना. समोर एक नव्या दातांचा म्हातारा होता, बस्स.

टेसा माउंडवर उभी होती. ती वेंडेलकडे बघत होती, मग कोडीकडे, मग परत वेंडेलकडे. तिला जरा वेळ लागला.

"आजोबा," तिनं विचारलं, "मग कोडीला का उभं केलंत?"

 वर ट्रिशनं हातातला फोन खाली घेतला आणि ती पायऱ्या उतरायला लागली, लोकांच्या गुडघ्यांवर आपटत, पर्स तशीच मागे टाकून.

कोडी मात्र अजून माउंडवरच होता. त्यानं टोपी वर सरकवली, चेंडू दोन्ही हातांत धरला होता. सगळे एकदम गप्प का झाले ते त्याला कळलं नव्हतं.

"मिस लिओना," तो म्हणाला, "आता मी टाकू ना?"